संघात दारू म्हटली की पहिला संशय आदिवासी पोरांवरच का?

मैदानवेडा: नाशिकमधल्या आमच्या कॉलेजच्या संघात सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतली मुलं आहेत, शहरातल्या गंगापूर रोडची आहेत, ईशान्येकडून शिकायला आलेलीही आहेत. स्पर्धेच्या मुक्कामी झडती झाली की सुरगाण्याच्या पोरांच्या बॅगा आधी उघडल्या जातात. "यांच्यात चालतंच," म्हणतात सर. बाटल्या निघतात त्या जिंकल्यानंतरच्या पार्टीत, आणि पैसे काढणारे सीनियर शहरातले. ज्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य आणलं, त्याच भागातल्या पोरांकडे असं बघितलं जातं, याची चीड येते. अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंच्या पाहण्यांतही गोरे खेळाडू कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त पितात, असंच दिसलंय.

पेठकर: चीड मान्य. पण मी त्याच भागातला आहे, म्हणून सांगतो, डोळेही मिटू नका. घरात मोहाची दारू बघत वाढलेल्या पोराला पहिल्या घोटाची भीती नसते. माझ्या चुलतभावाचं धावणं त्यातच गेलं. अमेरिकेचे आकडे पाड्यावर लावू नका.

रानपाखरू: दादा, मी सुरगाण्याची. मोहाची आमच्याकडे देवाला, लग्नाला असते आणि तिच्यापायी मोडलेली घरंही मी पाहिलीत. म्हणूनच थेंबाला शिवत नाही. घरात बघितलं की पोर पिणारच, हे कुणी ठरवलं? इकडे शहरात "द्राक्षाचीच तर आहे" म्हणत वाइनचा ग्लास हातात देतात, त्यावर कुणी बोलत नाही.

फिजिओताई: जमात बाजूला ठेवा. खेळून आल्यावर प्यायलं की स्नायूंची झीज भरून यायला वेळ लागतो, अंगातलं पाणी जातं, झोप तुटते. दुसऱ्या दिवशी सामना असला तर पाय उचलत नाहीत. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. संघातली निम्मी पोरं विशीच्या आतली असतात.

पेठकर: ताई, हेच पाड्यावर येऊन सांगा, आईबापांसमोर. रानपाखरू, तू सावरलीस, सगळे सावरत नाहीत.

रानपाखरू: गंगापूर रोडचेही सगळे सावरत नाहीत. त्यांच्या आईबापांना कोण सांगणार?

मैदानवेडा: पेठकर, पाड्यावर जायला मी तयार आहे. पण झडती घ्यायचीच तर कप्तानाच्या बॅगेपासून सुरू करा, आणि पार्टीचे पैसे कोण देतो ते सरांनी आधी विचारावं. पुढच्या बैठकीत मी हे लेखी देतोय. कोण सही करणार?


रानपाखरू: माझी घ्या.