लो मोडवर टॉर्च फडफडतो, नवीन घेताना किती हर्ट्झचा बघावा?

भटक्या_रात्रीचा:
मंडळी, हेडटॉर्चबद्दल विचारायचंय. परवा नाइट ट्रेकला पाऊस लागला, टॉर्च लोवर होता आणि पडणारा थेंब सलग रेघ न दिसता ठिपके ठिपके दिसत होता, फुल ब्राइटनेसला मात्र हे काहीच नाही. मान पटकन वळवली की वाटेवरचा एक दगड तीन-चार जागी दिसायचा, थोड्या वेळाने डोकं जड झालं. मित्राचा टॉर्च तेवढाच मंद पण उजेड एकदम शांत. सेल बदलून पाहिले, फरक शून्य. फ्रीक्वेन्सीचा मामला आहे म्हणतात, पण बॉक्सवर तर कोणी ती छापत नाही, मग ओळखायचं कसं?

सोल्डरगन:
हो, पीडब्ल्यूएमच आहे हा. म्हणजे ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) करंट कमी करतच नाही, पूर्ण करंट देऊन एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. समजा २०० हर्ट्झ आणि १० टक्के ब्राइटनेस, तर दर ५ मिलिसेकंदातला अर्धाच मिलिसेकंद उजेड, बाकी साडेचार अंधार. फुलवर एलईडी बंदच होत नाही म्हणून तिथे त्रास नाही. पावसाचा मध्यम थेंब सेकंदाला साधारण ६-७ मीटर पडतो, म्हणजे ५ मिलिसेकंदात तीन-साडेतीन सेंटिमीटर, तुला ठिपक्यांमध्ये दोनेक बोटांचं अंतर दिसलं असेल तर तुझा टॉर्च २०० च्या आसपासच आहे.
नजर स्थिर असेल तर ९० हर्ट्झच्या वर बहुतेकांना उजेड सलगच वाटतो, त्यामुळे दुकानात भिंतीवर मारून बघितला की सगळेच टॉर्च चांगले वाटतात. पण नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेव्हा प्रत्येक चमक डोळ्यात वेगळ्या जागी पडते, त्यामुळे काहींना हजार-दोन हजार हर्ट्झलाही हे जाणवतं. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या १७८९ या शिफारशीत पूर्ण चालू-बंद होणाऱ्या उजेडाला १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी धरलाय आणि ३००० च्या वर परिणाम नाही असं मानलंय. हेडटॉर्चला मी ३००० च्या खालचं काही घेणार नाही, तो डोक्यावर असतो आणि डोकं सारखं हलतं.

पाऊसवेडी:
ओळखायला फोन पुरतो. कॅमेरा प्रो मोडला टाका, शटर १/२००० किंवा त्याहून फास्ट, आणि लोवरच्या टॉर्चचा उजेड पांढऱ्या भिंतीवर पाडून बघा. जाड जाड मोजके पट्टे आले तर फ्रीक्वेन्सी कमी, बारीक आणि भरपूर आले तर जास्त, काहीच नाही तर बहुधा कॉन्स्टंट करंट, म्हणजे चालू-बंद न करता सलग उजेड देणारा. ऑटो मोडवर विसंबू नका, तिथे शटर स्लो झालं की पट्टे पुसले जातात. दुकानदाराला सांगून दोन मिनिटांत होतं, कोणी नाही म्हणत नाही.

घाटमाथा_७७:
फक्त हर्ट्झच्या मागे लागू नका एवढंच सांगतो. ७१३५ या करंट ठरवणाऱ्या चिपवाल्या स्वस्त ड्रायव्हरला १८ किलोहर्ट्झवर चालवलं की अगदी मंद मोडला पल्स इतका छोटा होतो की चिप नीट उघडतच नाही, ब्राइटनेस मग भरवशाचा राहत नाही. त्यापेक्षा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर बघा, तिथे करंटच कमी होतो. कमी करंटला एलईडी जास्त एफिशियंट चालतो, म्हणजे तेवढ्याच उजेडाला सेल जास्त वेळ पुरतो, आणि रात्रभराच्या वाटेवर मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टिंट (उजेडाची रंगछटा) थोडा हिरवट होऊ शकतो पण ते चालवून घेतो.

भटक्या_रात्रीचा:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. ठिपक्यांमधलं अंतर दोनेक बोटंच होतं. मग लोला पट्टे नाहीत म्हणजे टॉर्च पास ना?

पाऊसवेडी:
मिडियमला पण बघ. काही ड्रायव्हर एका मोडला करंट कमी करतात आणि दुसऱ्याला पीडब्ल्यूएमवर जातात, त्यामुळे एक मोड शांत निघाला म्हणून सगळे शांत असतील असं नाही.