मदत हवी आहे: ७२ तासांनी कॅन्युला बदलायचा नियम, पुरावे दाखवून बदलता येईल का?

रात्रपाळी
पुण्यात खासगी हॉस्पिटलात आहे. आमच्याकडे ७२ तास झाले की चांगला चालू असलेला कॅन्युला (सलाइन-इंजेक्शनसाठी शिरेत ठेवलेली नळी) काढून नवीन टोचायचा, असा नियम आहे. पेशंट कळवळतात, नातेवाईक आमच्यावर भडकतात. संशोधन म्हणतं, गरज पडली तरच बदला. लेखांच्या प्रिंट मेट्रन मॅडमना दिल्या. त्या म्हणाल्या, "एनएबीएच (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) आहे, असं मनाला येईल तसं बदलता येत नाही." शुक्रवारी इन्फेक्शन कंट्रोल कमिटीची मीटिंग आहे. तिथे काय नेऊ? लवकर सांगा प्लीज.

पेठकर
वॉर्ड कोणता? मोठी माणसं की मुलं? आयव्हीतून काय काय जातं? वरून काय चिकटवता? साइट (टोचलेली जागा) कोण बघतं, किती वेळा, आणि ते लिहिलं कुठे जातं? शिवाय कुठले लेख दिलेत तेही लिहिलेलं नाही.

क्वालिटीवाला
एनएबीएचच्या नावावर काय काय खपवतात! असेसर तुमचंच मॅन्युअल उघडतो आणि त्यात लिहिलंय तसं वॉर्डात होतं का ते बघतो. मॅन्युअलमध्ये ७२ असेल आणि कॅन्युला पाचव्या दिवशी हातात दिसला, तर शेरा पडणारच. तेव्हा आधी मॅन्युअल कमिटीतून बदलून घ्या, आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका, स्टाफला शिकवल्याच्या सह्या घ्या, मग वॉर्डात सुरू करा. उलट क्रमाने केलंत तर मेट्रन मॅडमचंच खरं ठरेल.

मुळामुठा
हात सुजला असेल तर ग्लिसरीन-मॅगसल्फची पट्टी ठेवा, दोन दिवसांत उतरते. थ्रोम्बोफोब मलमही चालतं. वर बर्फ फिरवायचा.

पेठकर
@मुळामुठा, उपचार कोणी विचारलाय? आणि सरसकट बर्फ नको. नॉरअ‍ॅड्रेनलिन शिरेबाहेर गेलं असेल तर शेक गरम हवा, व्हिन्क्रिस्टिनलाही गरमच. अशा वेळी कॅन्युला लगेच ओढूनही काढायचा नसतो. औषध थांबवा, सिरिंज लावून आत उरलेलं शोषून घ्या, डॉक्टरांना बोलवा आणि मग काढा.

रात्रपाळी
मेल सर्जिकल, ३० खाटा. सगळे मोठेच पेशंट. अँटिबायोटिक, आरएल, डीएनएस (सलाइनचे प्रकार), कधी पोटॅशियम. चिकटवायला मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी). साइट ड्यूटीवरची सिस्टर बघते. रात्री दोघी असतो. लेख म्हणजे एक लॅन्सेटचा आणि दोन आपल्याकडच्या जर्नलमधले. आता सांगा.

चाळणी
लॅन्सेटचा म्हणजे २०१२ चा रिकर्ड यांचा असणार. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधली ३ हॉस्पिटलं, ३२८३ मोठे पेशंट. एका गटात ठरल्या वेळी बदल, दुसऱ्यात गरजेनुसार. फ्लेबायटिस (शिरेला येणारी सूज) दोन्हीकडे सुमारे ७ टक्के. त्यावर थांबू नका. २०१९ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) न्या: ९ चाचण्या, ७४१२ पेशंट. त्यात फ्लेबायटिस आणि रक्तातला संसर्ग यांत ठळक फरक दिसला नाही, पण गरजेनुसार बदलणाऱ्या गटात आयव्ही आउट होणं (औषध शिरेबाहेर जाणं) आणि ब्लॉक होणं थोडं जास्त होतं. हे तुम्हीच आधी सांगा. कमिटीतल्या कुणी शोधून काढलं तर तुमची बाकीची मांडणीही संशयात जाते.

मेट्रन मॅडमचा ७२ चा आकडा कुठून आला तेही बघून ठेवा. अमेरिकेच्या सीडीसीच्या (सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या) २०११ च्या सूचनांत आहे की मोठ्या माणसांत कॅन्युला ७२ ते ९६ तासांपेक्षा लवकर बदलायची गरज नाही. म्हणजे त्याआधी उगाच टोचू नका. आपल्याकडे त्याचं '७२ ला बदलाच' कधी झालं कळत नाही. गरज पडेल तेव्हाच बदलावा का, हा मोठ्यांबाबतचा मुद्दा त्यांनी अनिर्णित ठेवला होता; मुलांत मात्र गरज पडेल तेव्हाच बदला असं तेव्हाच सांगितलं होतं. आयव्ही नर्सेसच्या अमेरिकन सोसायटीची २०२१ ची मानकं सगळ्यांनाच गरजेनुसार म्हणतात.

जुनी_सिस्टर
छान. आता जिनिव्हाचंही सांगा. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयाने ९६ तासांचा नियम सोडून गरजेनुसार बदलायला सुरुवात केली, तर कॅन्युलामुळे होणारे रक्तातले संसर्ग वाढले. परत जुना नियम आणल्यावर कमी झाले. ४ लाखांहून जास्त कॅन्युलांचा हिशोब आहे, २०२१ मध्ये छापून आलाय. ७२ तासांचा नियम मूर्खपणाचा नाही. कुणाचं लक्ष नसेल तर निदान तिसऱ्या दिवशी तरी कॅन्युला निघतो, एवढी सोय त्यात आहे.

चाळणी
तो आधी-नंतरचा अभ्यास आहे, चिठ्ठी टाकून गट पाडलेले नाहीत. त्या काळात आणखी काय बदललं होतं ते वेगळं काढता येत नाही.

जुनी_सिस्टर
आणि रिकर्डच्या चाचणीत संशोधनाच्या नर्स रोज येऊन साइट बघत होत्या. त्या तुमच्या मेल सर्जिकलला कोण देणार? चाचणीत एवढे संसर्ग मुळातच विरळ की ३२८३ पेशंटांत फरक दिसणं अवघड. ४ लाखांत दिसतो.

चाळणी
हा मुद्दा मान्य. म्हणून कमिटीला 'तास काढून टाका' असं सांगायचं नाही. '७२ च्या जागी दर पाळीला नोंद' असं सांगा. नोंद होणार नसेल तर ७२ च बरा.

तात्पर्य_नको
आपल्याकडच्या जर्नलमधल्या त्या दोन लेखांची नावं न वाचताच सांगतो: 'अमुकविषयीच्या ज्ञानावर नियोजित अध्यापन कार्यक्रमाची परिणामकारकता.' एम.एस्सी. नर्सिंगचे निम्मे प्रबंध हेच. शिकवल्यावर परीक्षेत मार्क वाढले, यात सिद्ध काय झालं? पेशंटचा हात सुजायचा थांबला का, ते कोणी मोजत नाही.

कसबा_११
गाइडच तोच विषय देतात, आठ महिन्यांत संपतो म्हणून. विद्यार्थ्यांना कशाला बोलता? आणि आपल्याकडे चाचण्या झाल्याच नाहीत असंही नाही. २००९ ची एक छोटी आहे, जेमतेम ४० पेशंट, सर्जिकल वॉर्डमधलेच. ती चक्क ठरल्या वेळी बदलण्याच्या बाजूने आहे.

चाळणी
हो, कॉक्रेनमध्ये तीही घेतली आहे. तिचा निकाल बाकीच्यांपेक्षा इतका टोकाचा आहे की ती धरून आणि वगळून असं दोन्ही तऱ्हेने बघावं लागतं. पण भारतातली आणि सर्जिकलची म्हणून कमिटीत कोणीतरी ती काढणार, तयारी ठेवा.

पेठकर
विषयावर या. @रात्रपाळी, 'ड्यूटीवरची सिस्टर बघते' याला नोंद म्हणत नाहीत. व्हीआयपी स्कोअर (शिरेची सूज बघून द्यायचे गुण) वापरा, ० ते ५. थोडं दुखणं किंवा थोडी लाली, १: लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतलं दोन काही असेल तर २: काढा, दुसरीकडे घाला. शीर दोरीसारखी हाताला लागली तर ४, त्यावर ताप आला तर ५. साधारण पेशंटला दर ४ तासांनी, गुंगीत असलेल्याला किंवा दुखतंय हे सांगू न शकणाऱ्याला दर तास-दोन तासांनी. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. बोटांची मागची बाजू लावून दुसऱ्या हाताशी तुलना करा, दाबून दुखतंय का विचारा.

आणि मायक्रोपोरखाली काय कपाळ दिसणार? तोच रोल खिशातून सगळ्या वॉर्डभर फिरतो, ते वेगळंच. पारदर्शक ड्रेसिंगशिवाय हा बदल मागूच नका. सैल झालं, ओलं झालं, मळलं की बदलायचं. पुण्यातल्या पावसाळ्यात घामाने कडा सुटतात. चिकटवण्याआधी क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) पूर्ण वाळू द्या. ओल्यावर लावलं तर सुटतंही आणि कातडीही सोलवटते.

क्वालिटीवाला
मीटिंगला आजची स्थिती न्या. दोन दिवस दुपारी वॉर्डात फेरी मारा आणि प्रत्येक कॅन्युलाचं लिहा: कधी घातला, कुठे घातला (कॅज्युअल्टीतला वेगळा), स्कोअर किती, गेल्या २४ तासांत वापरला का. शेवटच्या रकान्यात खरी गंमत आहे. तोंडाने औषध सुरू झालंय, उद्या डिस्चार्ज आहे, तरी 'राहू दे, लागला तर' म्हणून ठेवलेले कॅन्युला निघतील. त्यांना ७२ काय न् ९६ काय, ते आजच काढायचे. यावर कमिटीत कोणी वाद घालणार नाही, आणि एक गोष्ट पदरात पडली की दुसरी सोपी जाते.

स्कोअर ज्या सिस्टरने कॅन्युला घातला तिने देऊ नये. आणि पाळी संपताना एका दमात सगळीकडे शून्य भरलेला चार्ट लगेच ओळखू येतो, सगळ्या नोंदींची वेळ एकच असते.

चाळणी
'आमच्या वॉर्डात सिद्ध झालं' असं मात्र लिहू नका. १०० कॅन्युलांत ७ फ्लेबायटिस होते ते ९ झाले किंवा ५ झाले, त्यावरून काही ठरत नाही. दर पाळीला किती टक्के कॅन्युलांची नोंद झाली ते मोजा, ते एका वॉर्डात नीट मोजता येतं. फ्लेबायटिसही मोजाच, पण दर १०० कॅन्युलांमागे की दर १००० कॅन्युला-दिवसांमागे (एक कॅन्युला एक दिवस राहिला की एक) ते आधी ठरवा. आता कॅन्युला जास्त दिवस राहणार, म्हणजे दोन्ही आकडे वेगवेगळं बोलतील.

रात्रपाळी
मेट्रन मॅडमशी परत बोलले. एक वॉर्ड, सहा आठवडे, एवढ्यावर तयार दिसतात. हे लिहिलंय, बघा: "कॅन्युला दर पाळीला तपासावा व गरजेनुसार बदलावा."

जुनी_सिस्टर
यातून प्रत्येक जण आपापली गरज काढेल. खाली सरळ लिहा: स्कोअर २ किंवा जास्त, गळती, सूज, फ्लश (नळी धुवायचं सलाइन) जात नाही, २४ तास वापर नाही, यांतलं काहीही दिसलं की सिस्टरने डॉक्टरांची वाट न बघता काढावा. कॅज्युअल्टीत घाईत घातलेला ४८ तासांच्या आत बदलावा. 'दर पाळीला' खोडून 'दर ४ तासांनी' करा. आणि एका पाळीची जरी नोंद राहिली तर त्या पेशंटला जुना ७२ चा नियम लागू, हे वाक्य घाला. मग मीही सही करेन.

चाळणी
हे शेवटचं वाक्य उत्तम आहे.

मुळामुठा
आयसीयूतल्या सेंट्रल लाइनलाही (मोठ्या शिरेतल्या नळीलाही) हेच लावायचं का?

पेठकर
नाही. ती ठरावीक दिवसांनी बदलू नका हे सीडीसीने आधीच सांगितलंय, तिचा चार्टही वेगळा असतो. नवीन धागा काढा. @रात्रपाळी, पारदर्शक ड्रेसिंगचं परचेसकडून लेखी घ्या, सहा आठवड्यांचा साठा. तिसऱ्या आठवड्यात मायक्रोपोर परत आला तर पुढचे आकडे टाकून द्यावे लागतील.