मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या स्टिअरिंगवरच्या गिअरचे पार्ट कुठे मिळतील?

देवगड_बाग
गाडी देवगडला उभी आहे. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना गिअर अडकतो आणि दांडा लोंबतो. मेकॅनिक म्हणतो, अख्खं कॉलम (स्टिअरिंगचा खांब) बदला. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत फोन करून झाले, कुणाकडेच नाही. कुणाकडे जुनं कॉलम पडलं असेल किंवा पार्ट कुठे मिळतात ते माहीत असेल तर लगेच सांगा. शनिवारी माणूस कोल्हापूरला जातोय, त्याला यादी द्यायची आहे. गाडी विकायचा सल्ला नको.

बंदरवाला
गाडी खयची, खयच्या सालातली, ता आदी सांग. नुसता पिकअप म्हटल्यार काय समजाचा? फोटो टाक.

काळी_पिवळी
पद्मिनीचे गिअर लिंकेजचे (दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश, म्हणजे पिनभोवतीच्या कड्या, घ्या आणि बसवून टाका. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारात अजून मिळतात. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये संपल्या, त्यामुळे माल बराच पडून आहे. स्वस्तात काम होईल.

देवगड_बाग
शेवरोले आहे, गोल नाकाची, लाकडी हौद्याची. आरसी बुकातला सालाचा आकडा पुसला गेलाय. पार्ट कुठे मिळतील तेवढं सांगा ना.

सहा_सिलिंडर
साल गाडीवरूनच कळेल. दाराच्या काचेपुढे छोटी तिकोनी काच आहे का? असेल तर १९५१ किंवा नंतरची. दाराचं हँडल बटण दाबून उघडत असेल तर १९५२ पासूनची. पुढची काच मध्ये पट्टी असलेली, दोन तुकड्यांची की अखंड? अखंड असेल तर १९५४ पासूनची. आणि गिअर तीनच आहेत ना? या ट्रकना स्टिअरिंगवरचा गिअर १९४८ पासून आला आणि तो तीन स्पीडलाच. चार स्पीडवाल्या ट्रकचा दांडा खालूनच येतो.

सगळ्यात महत्त्वाचं, स्टिअरिंग कुठल्या बाजूला?

देवगड_बाग
तिकोनी काच आहे, हँडल फिरवायचं आहे, पुढची काच दोन तुकड्यांची. गिअर तीन. स्टिअरिंग उजवीकडेच, आपल्याकडे दुसरीकडे कुठे असणार?

सहा_सिलिंडर
म्हणजे १९५१. उजवीकडे आहे म्हणून तर विचारलं. मुंबईत जनरल मोटर्सच्या शिवडीच्या कारखान्यात १९२८ ते १९५४ या गाड्यांची जुळणी व्हायची, ती उजव्या स्टिअरिंगची. अमेरिकेतून आज जे नवे सेट येतात ते डाव्या स्टिअरिंगसाठी. या गिअरबॉक्सच्या लिव्हर डाव्या बाजूला आहेत. तिकडच्या गाडीत कॉलमही डावीकडे, त्यामुळे रॉड जवळच्या जवळ जातात. तुझ्या गाडीत कॉलम उजवीकडे, म्हणून रॉडची लांबी आणि वाकण वेगळी. रॉड किंवा अख्खं कॉलम मागवलंस तर पैसे पाण्यात. बुश, ग्रोमेट, स्प्रिंग यांसारखा बारीक मालच जुळण्याची शक्यता, तोही माप घेऊनच मागव.

आणि काळी_पिवळी, पद्मिनी चार स्पीडची. तिचं लिंकेज पूर्ण वेगळं. दुसऱ्या गाडीचा बुश ठोकून बसवला की दोन महिन्यांत भोक लांबट होतं.

काळी_पिवळी
बुश म्हणजे बुश. भोकाच्या मापाचा घ्यायचा. पद्मिनीचाच घ्या असा हट्ट नाही, पण गाडी चालू तर होईल.

घाटकरी
मी तर म्हणतो स्टिअरिंगवरचा गिअर काढूनच टाका. फ्लोअरला भोक पाडून जीपचा गिअरबॉक्स बसवा, कायमची कटकट मिटेल. आंबोली किंवा करूळ घाटात उतरताना हा गिअर अडकला तर काय कराल?

सहा_सिलिंडर
जीपचा बॉक्स घातला की बेल हाउसिंग, क्लच प्लेट, प्रोपेलर शाफ्टची लांबी, मागचं माउंट, सगळंच बदलावं लागतं. झिजलेल्या चार तुकड्यांसाठी एवढं? घाटाची भीती मात्र खरी आहे. दुरुस्त होईपर्यंत ही गाडी घाटात नेऊ नये.

नोंदणी_कट्टा
गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करून घ्या. नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नंतर नूतनीकरणाला ५,०००. मात्र गाडी खासगी वापराची हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. धंद्यासाठी वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते.

बंदरवाला
तेका नोंदणी कोणी इचारली? गिअर अडाकलो हा.

सहा_सिलिंडर
देवगड_बाग, यादी करण्याआधी दोष कुठे आहे ते बघ. गाडी सपाट जागी, चाकांना लाकडाची ओट, बॅटरीची वायर काढलेली.

आधी इंजिन बंद ठेवून गिअर टाक. बंद असताना सहज पडतो आणि चालू असताना कुरकुरतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. त्याचा कॉलमशी संबंध नाही.

बंद असतानाही अडकत असेल तर गिअरबॉक्सजवळ दोन्ही रॉड सोडव. बॉक्सच्या दोन्ही लिव्हर हाताने हलवून बघ. एक पहिला आणि रिव्हर्स, दुसरी दुसरा आणि तिसरा. एक न्यूट्रलला ठेवून दुसरी हलवायची, दोन्ही एकदम गिअरमध्ये जाऊ नयेत म्हणून आत अडसर असतो. लिव्हर टक् करून जागेवर बसत असतील तर बॉक्स ठीक, दोष वर आहे. इथेच जड जात असतील तर कॉलमवर एक रुपया घालवू नकोस.

मग रॉड परत जोड, एकाने आत बसून दांडा हळूहळू हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कॉलमच्या खालच्या टोकाकडे बघायचं. दांडा आपल्याकडे ओढला की शाफ्ट त्याच्या लांबीत सरकतो आणि खालचा दात पहिल्या-रिव्हर्सच्या लिव्हरच्या खाचेत बसतो. सोडला की स्प्रिंग त्याला दुसऱ्या-तिसऱ्याच्या खाचेत नेते. दात किंवा खाच झिजली की पहिली लिव्हर न्यूट्रलला पूर्ण पोचायच्या आत दात निसटतो. बॉक्स पहिल्यात अर्धवट राहतो आणि अडसर दुसरा पडू देत नाही. तुझं लक्षण हेच वाटतंय.

इंजिन आणि गिअरबॉक्सची रबर माउंटही बघ. ती दबून गेली असतील तर बॉक्स खाली येतो, रॉडचा कोन बदलतो आणि नवीन बुश घालूनही दोष राहतो.

देवगड_बाग
बघितलं. बॉक्सच्या लिव्हर छान बसतात, माउंट ठीक. वर दांड्याची पिन ढिली आहे, म्हणून दांडा लोंबतो. खाली दाताची एक कड गोल झालीय. रॉडच्या टोकांची भोकं अंड्यासारखी लांबट. एका टोकाचा बुश गायब, खारं वारं लागून पिनला गंज. आता काय मागवू?

उद्यमनगर_लेथ
मागवण्यासारखं काही नाही, करून घ्यायचं आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला किंवा कुडाळ एमआयडीसीत होईल. दोन्ही रॉड, खालच्या दोन्ही लिव्हर, दांडा आणि पिन एकत्र पाठव, सुटं पाठवलंस तर माप चुकेल. सोडवण्याआधी रॉडवर पंचाने खूण कर आणि मोबाइलवर फोटो काढ.

लांबट भोक आधी मोठं आणि गोल रीम करायचं, मग त्यात गनमेटलचा (एक प्रकारच्या कांस्याचा) बुश दाबून बसवायचा. पिन आणि बुशमध्ये ०.१ ते ०.१५ मिमी फट. याहून घट्ट केलं तर पावसाळ्यात पिन धरून बसते. दाताच्या झिजलेल्या कडेवर टिग वेल्डिंगने भर देऊन कानशीने मूळ आकार आणायचा, खाचेत लावून बघत बघत. वरची पिन हार्डन केलेल्या डॉवेलची (गुळगुळीत पोलादी खुंटीची). ड्रिलचा दांडा कापून घालणारे भेटतील, नको म्हण. तो ठिसूळ असतो, धक्क्याला तुटतो.

काळी_पिवळी
गनमेटल कशाला? नायलॉन घाला, आवाज करत नाही.

उद्यमनगर_लेथ
नायलॉन ओल शोषून फुगतं, कोकणात तर नकोच. प्लास्टिकच हवं तर डेलरिन, ते जवळजवळ पाणी शोषत नाही. कॉलमच्या टोकाला डेलरिन चालेल, कारण या इंजिनाचा एक्झॉस्ट डावीकडे आणि कॉलम उजवीकडे. गिअरबॉक्सकडच्या टोकाला उष्णता लागते, तिथे गनमेटलच.

आणखी एक. या गाडीचे थ्रेड इंचात आहेत. ५/१६ यूएनएफला (बारीक आट्यांचं इंची माप) इंचात २४ आटे, म्हणजे एका आट्याला १.०६ मिमी. आपल्याकडच्या एम८ चा (८ मिमीच्या बोल्टचा) आटा १.२५ मिमी. जाडी जवळपास सारखी, त्यामुळे एम८ चा नट दोन-तीन आटे जातो आणि मग रॉडचे आटे खातो. थ्रेड गेज लावल्याशिवाय नट पाठवू नकोस.

देवगड_बाग
आणि बसवताना सेटिंग कसं करायचं? मेकॅनिकला हे माहीत नाही.

सहा_सिलिंडर
रॉडचे लॉकनट ढिले ठेवून सगळं जोड. बॉक्सच्या दोन्ही लिव्हर न्यूट्रलला. कॉलमखालच्या दोन्ही लिव्हरच्या खाचा एका रेषेत आण, इतक्या की दात एका खाचेतून दुसरीत कुठेही न घासता सरकेल. त्या स्थितीत कुणाला तरी लिव्हर धरायला सांग आणि मग लॉकनट आवळ. आवळताना रॉड फिरतो आणि रेषा बिघडते, म्हणून रॉड दुसऱ्या पान्याने धरायचा. नंतर चारही स्थिती दहा-वीस वेळा टाकून बघ, शेवटी नवीन कॉटर पिन. जुनी सरळ करून पुन्हा वापरू नकोस.

घाटकरी
ग्रीस कुठलं?

उद्यमनगर_लेथ
गनमेटलला साधं लिथियम ग्रीस, अगदी पातळ थर. पावसाळ्याआधी आणि नंतर पुसून नवीन लावायचं. जुन्यावर थापत गेलं की त्यात वाळू बसते आणि तीच बुश खाते.

देवगड_बाग, माणूस निघण्याआधी गंजलेली पिन डिझेलमध्ये भिजत घाल आणि जिथे गंज नाही तिथलं माप व्हर्नियरने घेऊन इथे टाक. बुशचं आतलं माप त्यावरूनच ठरेल.