मदत हवी: रायफलच्या बॅरलवर आटे पाडून मझल ब्रेक बसवायचा आहे, लेथवाला हात लावत नाही

मारेगावचा_मोहळ
राजेहो, कोणी लवकर सांगा. मझल ब्रेक, म्हणजे बॅरलच्या टोकावर लावाची नळी, मागवला ऑनलाइन, त्याले आतून आटे आहेत, बॅरल मात्र बाहेरून साफ गुळगुळीत, म्हणजे बॅरलवर आटे पाडा लागतीन. वणीले एका लेथवाल्याकडे नेली तर त्यानं पाहिली आन् म्हणे भाऊ हे इथून घेऊन जा, मी हात लावत नाही. दुसरा म्हणे पाडून देतो पण साइज सांग. आता साइज काय सांगू त्याले? आटे किती लांब पाडायचे, हातानं डाय (आटे पाडाची चकती) फिरवून होते का लेथच पायजे, आन् आपल्या भागात हे काम कोण करते एवढंच सांगा. सोयाबीन काढाले आली की मंग मले टाइम भेटत नाही. फालतू सल्ले नको.

वकिली_हिंगणघाट
पहिल्या लेथवाल्याला माझा नमस्कार सांगा, शहाणा माणूस आहे. शस्त्र कायदा 1959, कलम 5 वाचा. बंदूक बनवणं, विकणं तर सोडाच, दुरुस्ती आणि फेरबदल करायलाही त्या कारागिराकडे वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडे बंदुकीचं लायसन असलं म्हणून लेथवाल्याला ती हात लावायची मुभा मिळत नाही. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 मध्ये अशा कामाला किमान 7 वर्षं आहेत. धागा काढून टाका हा माझा सल्ला, फालतू वाटला तरी.

टर्नर_आयटीआय
वकीलसाहेब जरा थांबा, त्याला आधी विचारू तर द्या. भाऊ रायफल कोणती? बोअर, म्हणजे आतलं भोक, किती? बॅरलचा बाहेरचा डाया, म्हणजे व्यास, किती? ब्रेकमध्ये कोणते आटे? पुढे फोरसाइट, म्हणजे नेम धरायची माशी, आहे की नाही? यातलं एकही लिहिलं नाही आणि विचारतो साइज काय सांगू.

रोही_पीडित
रानडुकरासाठी असन तर ब्रेक-फ्रेक सोड, झटका मशीन लाव. आमच्या चार एकराले सोलरवाली लावली, हरभऱ्यात एक डुक्कर येत नाही आता. फक्त तारेत घरचा करंट सोडू नको कोणाचं ऐकून, त्यानं दरवर्षी माणसं मरून राहिली आपल्या भागात. झटक्याचा करंट तुटक तुटक असते, जनावर दचकून पळते, मरत नाही.

मारेगावचा_मोहळ
अरे बावा डुकराचा काय संबंध? आन् वकीलसाहेब, एअर रायफल आहे ती. छर्ऱ्याची. ब्रेक बॅरल, मधातून मोडून लोड करायची. सगळ्यायले समजन असं वाटलं मले, गावात कोणाजवळ दुसरी रायफल असते?

वकिली_हिंगणघाट
"रायफल" लिहिल्यावर लोकांनी छर्ऱ्याची समजायची? बरं. मग गोष्ट वेगळी. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 0.177 म्हणजे 4.5 मिमी बोअरपर्यंत आणि 20 ज्यूलपर्यंत एनर्जी असलेल्या एअर रायफलला लायसन लागत नाही. त्याच्या वर गेली की लागतं. 0.22 असेल तर परत विचार करा.

पण एक गोष्ट अजूनही आहे. कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत, कलम 2 मध्येच, आवाज किंवा उजेड कमी करण्यासाठी बनवलेल्या वस्तूसुद्धा धरल्या आहेत. म्हणून विचारतो, तुम्ही मागवलेला तो ब्रेकच आहे ना? आत जाळी, चकत्या, कप्पे असं काही दिसतं का? तसं असेल तर विकणाऱ्याने नाव काहीही दिलेलं असो, तो सायलेन्सर आहे आणि मी त्याला हात लावणार नाही.

मारेगावचा_मोहळ
आत काही नाही, आरपार भोक आहे. बाजूनं चार खाचा. भरीव ॲल्युमिनियम हाय. बोअर 0.177 च.

जुना_एनसीसी
आम्ही एनसीसीत .22 चालवली त्या काळी, पालथं झोपून, खांद्याला पट्टा लावून, आणि सर मागून पायावर काठी मारायचे पाय फाकव म्हणून. कोणाच्या बॅरलला काहीच लावलेलं नव्हतं तरी ग्रुप येत होते, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लागत होत्या. आजकालच्या पोरांना आधी सामान पाहिजे. पॅरिसला आपल्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला मेडल आणलं ते काय ब्रेक लावून? आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी संघटनेच्या) नियमात रायफलला मझल ब्रेक चालतच नाही, माहीत करून घ्या.

मारेगावचा_मोहळ
काका मले ऑलिम्पिकले नाही जायचं.

फिजिक्सवाला_सर
मुळात एअर रायफलवर मझल ब्रेकचा उपयोग काय हा माझा प्रश्न. खऱ्या रायफलमध्ये गोळीमागून जळालेल्या दारूचा प्रचंड गॅस येतो, ब्रेक तो गॅस बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे बंदूक पुढे ओढली जाते आणि खांद्याला धक्का कमी बसतो. तुमच्या रायफलमध्ये गॅस किती? एका सिलेंडरभर हवा. धक्का येतो तो स्प्रिंग आणि पिस्टनच्या वजनामुळे, आधी मागे आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे. त्याला खाचा पाडलेली नळी काय करणार? पैसे वाया.

मारेगावचा_मोहळ
सर धक्क्यासाठी नाही घेतला. पुतणीले बॅरल मोडता येत नाही. दोन्ही हातानं ओढते तरी अर्ध्यातून सुटते, आन् बॅरलच्या टोकाची कड हाताले लागते. कोणीतरी सांगतलं ब्रेक लावला की पकडाले भेटते आन् जोर कमी लागते. म्हणून घेतला.

टर्नर_आयटीआय
आत्ता समजलं! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना राजा. मग सरांचंही बरोबर आणि तुझंही बरोबर. स्प्रिंगच्या रायफलवर ब्रेक म्हणजे एक मूठ आहे फक्त. बॅरल म्हणजे पहार, जितकी लांब तितका जोर कमी. बिजागरीपासून टोकापर्यंत समजा 40 सेंमी आणि ब्रेकनं 10 सेंमी वाढले तर पाचवा हिस्सा जोर वाचला. पोरीसाठी तेवढा फरक पुष्कळ झाला.

आता फोरसाइटचं सांग. आणि व्हर्नियर लावून बॅरलचा डाया सांग, स्केलनं नको.

डायवाला_पांढरकवडा
कशाले एवढं? 4 सुताची, म्हणजे अर्ध्या इंचाची, डाय आणायची, बॅरल वाइसमध्ये धरायची खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवून, कटिंग ऑइल टाकायचं आन् फिरवायची. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मी मोटरच्या शाफ्टवर, नळाच्या पाइपावर आयुष्यभर हेच केलं. लेथवाल्याचे पैसे वाचवा.

टर्नर_आयटीआय
नळाच्या पाइपातून पाणी येते दादा, छर्रा नाही. पाइप वाकडा बसला तरी पाणी येतेच. हातानं लावलेली डाय अर्धा डिग्री जरी तिरपी बसली तरी 10 सेंमी पुढे ती जवळजवळ 0.9 मिमी बाजूला जाते. ब्रेकचं भोक 6 मिमी धरा, छर्रा 4.5 चा, म्हणजे सगळीकडून जागा फक्त 0.75. छर्रा ब्रेकच्या कडेला घासून जाणार आणि मग पुतणी म्हणेल काका बंदूक वाकडी मारते. शिवाय तुमची 4 सुताची डाय कोणत्या आट्याची? इंचाला 12, 13 का 20? तिन्ही येतात.

डायवाला_पांढरकवडा
गाइड लावली तर तिरपी होत नाही. तुम्ही आयटीआयवाले सगळ्याले डायल लावून पाहता अन् दुपारपर्यंत एक बुश निघते.

टर्नर_आयटीआय
निघते ते कामाचं निघते.

कोळसा_वर्कशॉप
मी खाणीच्या वर्कशॉपला होतो, आता रिटायर. एअर रायफलच्या सामानात बहुतेक करून अर्धा इंच 20 आटे येतात, म्हणजे अर्धा इंच जाडी आणि इंचाला 20 आटे, यूएनएफ म्हणतात त्याला. पक्कं करायचं असेल तर ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानातून अर्धा इंच यूएनएफचा बोल्ट आण, तो ब्रेकमध्ये हातानं शेवटपर्यंत फिरला तर तेच आटे. जुन्या विलीज जीपच्या चाकाचा स्टडही हाच. फक्त डाव्या बाजूच्या चाकाचा घेऊ नको, त्याचे आटे उलटे असत. आमच्या साहेबाची जीप होती, नवा पोरगा चाक खोलायला बसला, डावीकडच्या नटावर पाइप टाकून लोंबकळला, नट सुटायचा सोडून स्टडच तुटला. साहेब उन्हात उभे.

आता लेथचं ऐक. आपल्याकडच्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल सरकवणारा लांब स्क्रू, इंचाचा असेल तर 20 टीपीआय (इंचाला 20 आटे) सरळ निघतो. मिलिमीटरचा असेल तर 127 दात्याचा गिअर लागतो, कारण 25.4 ला 5 नं गुणलं की 127. तो गिअर गावच्या लेथवाल्याकडे नसतोच, कुठं तरी पडलेला असतो. 20 आट्याची पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, 1.27 मिमी होते. मग तो म्हणतो 1.25 ची पिच काढून देतो, चालते.

डायवाला_पांढरकवडा
चालतेच. 1.27 आन् 1.25 मधात फरक किती, पाहा तर खरं.

कोळसा_वर्कशॉप
पाहिला. एका आट्याला 0.02. 10 मिमी लांबीत आठ आटे, म्हणजे शेवटी 0.16 चा फरक. दोन तीन फेरे छान जाईल आणि मग धरून बसेल, जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे चुरा होऊन बाहेर. नटबोल्टला ढिला करून खपवता येईल, इथं ढिला केला की तोच वाकडेपणा आला.

मारेगावचा_मोहळ
बोल्ट लावून पाहिला. शेवटपर्यंत गेला, हातानं. म्हणजे अर्धा इंच 20. बॅरल 15 मिमी आहे, मागं बी आन् पुढं बी. ब्रेकचा बाहेरचा डाया 24 मिमी. फोरसाइट नाही, दुर्बीण आहे वरून. आता सांगा आटे किती लांब?

टर्नर_आयटीआय
आता आलं गणित. 15 ची बॅरल 12.7 ला उतरवायची, 12 ते 13 मिमी लांब, मागे गळा (आटे संपतात तिथली खाच), खांदा एकदम काटकोनात. मटेरियल पुरेसं उरते, आत 4.5 चंच भोक आहे. पण बॅरल बाहेरच्या डायावर धरायची नाही, भोकावर जुळवायची. भोक नेहमी बॅरलच्या मधोमध असतंच असं नाही. चार जॉच्या चकमध्ये धरून, भोकात घट्ट बसणारी पिन टाकून, पिनवर डायल (फिरताना किती हलते ते दाखवणारं घड्याळ) लावून, मग टर्निंग. आणि टोकाला भोकाची जी कड आहे, क्राउन, तिला टूल लागता कामा नये. लागली तर ती परत काढावी लागते, नाही तर छर्रा निघताना एका बाजूनं हवा आधी सुटते आणि तो डोलतो.

छर्रा_प्रेमी
कृपा करून असं काही करू नका! पुष्कळ एअर रायफलच्या बॅरलला शेवटच्या इंचात चोक असतो, भोक किंचित आवळलेलं असतं. तिथंच बाहेरून माल काढला की भोक सैल पडू शकतं आणि अचूकता गेली ती गेली. छर्रा क्लीनिंग रॉडनं मागून पुढे ढकलून पाहा, टोकापाशी जड झाला तर चोक आहे. आणि छर्रे कोणते वापरता? डोम का फ्लॅट? 8 ग्रेनचे का? 8 ग्रेन म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या वर, 200 मीटर सेकंदाला धरलं तर 10 ज्यूल होतात, 20 च्या खूप आत. वकीलसाहेबांना सांगा काळजी करू नका.

मारेगावचा_मोहळ
ढकलून पाहिला. शेवटी जड झाला. झालं का मंग? नाही पाडायचे का आटे? एक जण पाडा म्हणते, एक नको म्हणते.

कोळसा_वर्कशॉप
नको पाडू. तुला आटे नको आहेत, तुला मूठ पाहिजे. बॅरलला सोड, ब्रेकवर काम कर. ब्रेक 24 चा भरीव आहे ना, मग मागून त्याचेच आटे उडव आणि 15 चं भोक पाड, 25 मिमी खोल, बॅरलवर हातानं सरकून बसेल एवढंच, ढिलं नाही. बाजूनं तीन एम4 (4 मिमीचे) बिनडोक्याचे ग्रब स्क्रू, सारख्या अंतरावर, टोकाला पितळेचा तुकडा म्हणजे बॅरलवर खड्डा पडत नाही. लेथवाला हसत करून देईल, त्याच्या हातात बंदूक द्यायचीच नाही, फक्त नळी द्यायची.

वकिली_हिंगणघाट
हे मला एकदम पटलं.

टर्नर_आयटीआय
25 मिमी बॅरलवर चढला तर लांबीत तेवढा कमी मिळतो. 10 सेंमीचा ब्रेक असेल तर साडेसातच पुढे येईल. त्यापेक्षा वेगळा बुश करा, मागे 15 चं भोक, पुढे अर्धा इंच 20 चा शेंडा. भोक आधी, मग त्याच चकमध्ये मँड्रेल, म्हणजे भोकात बसणारा दांडा, टर्न करून त्यावर बुश चढवून आटे, म्हणजे दोन्ही एका सेंटरवर येतात. शेंड्यातून 6 मिमीचं आरपार भोक. काम जास्त आहे पण पद्धतशीर.

कोळसा_वर्कशॉप
आणि 127 चा गिअर तू देशील का?

टर्नर_आयटीआय
बुशला मी डाय वापरेन, टेलस्टॉकला, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाला, डाय होल्डर लावून. ती सरळच जाते.

डायवाला_पांढरकवडा
आली ना शेवटी डायच?

रोही_पीडित
झटका मशीनचं कोणाले पायजे असन तर सांगा, मी बॅटरीसकट किती लागली ते लिहितो.

मारेगावचा_मोहळ
कोळसावाल्या काकांचं करतो. साडेसात तर साडेसात. उद्या नळी घेऊन दुसऱ्या लेथवाल्याकडे जातो. पहिल्याकडे नाही जात.

कोळसा_वर्कशॉप
बसवल्यावर आधी पुढून पाहा, ब्रेकच्या भोकातून बॅरलचं भोक बरोबर मधात दिसलं पाहिजे. मग ब्रेकच्या टोकात कागदाची पातळ सुरळी घालून एक छर्रा मार, सुरळीला घासल्याची खूण दिसली तर स्क्रू सोडून थोडा फिरवून परत आवळ. वजन वाढल्यानं निशाणा खाली-वर होईल, दुर्बीण नव्यानं झिरो करा लागेल, म्हणजे नेम परत जुळवा लागेल. आणि पुतणीला एकच गोष्ट पाठ करून दे, बॅरल मोडलेली असताना ट्रिगरला बोट नाही आणि छर्रा घालेपर्यंत दुसऱ्या हातानं बॅरल धरून ठेवायची. सुटली तर बॅरल झटक्यानं वर येते, बोट मधात असलं तर बोट जाते.

जुना_एनसीसी
हे आमचे सर काठीनं शिकवायचे.

वणी_बायपास
धागा आत्ता वाचला. ब्रेक कुठून मागवला भाऊ, लिंक दे ना. माझ्या बॅरलले आटे आहेत.