भौगोलिक अवकाश, स्थान आणि स्थानमाहात्म्य

प्रश्न: भूगोलावरच्या लेखांत 'देशाचा विकास त्याच्या भौगोलिक अवकाशावर अवलंबून असतो' अशी वाक्यं भेटतात. अवकाश म्हटलं की मला यान तरी दिसतं, नाहीतर 'गाडी सुटायला अजून अवकाश आहे' हे तरी आठवतं. सरळ 'प्रदेश' का म्हणत नाहीत? आणि मग 'स्थान' कुठे वापरायचं?

प्रतिसाद १: 'प्रदेश' म्हणजे सीमेच्या आतली जमीन. 'अवकाश' म्हणताना बाहेरचंही धरायचं असतं: बंदर किती लांब, वाट कोणाच्या हद्दीतून जाते, शेजारी कसा आहे. शब्द थोडा पुस्तकी आहे खरा, पण 'प्रदेश' तिथे अपुरा पडतो.

'स्थान' दोन अर्थांनी येतं आणि घोळ तिथेच होतो. अक्षांश-रेखांशांनी सांगतात ते निरपेक्ष स्थान. इतर ठिकाणांच्या संदर्भात ठरतं ते सापेक्ष स्थान, आणि ते बदलतं. दक्षिण अटलांटिकमधलं सेंट हेलेना बेट घ्या. आफ्रिकेला वळसा घालून ये-जा करणारी जहाजं पाणी-शिधा भरायला तिथे थांबत. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, पुढे वाफेच्या जहाजांनी तीच वाट धरली आणि बेटाची मिळकत आटली. अक्षांश-रेखांश होते तेच राहिले. इथिओपियाचंही तसंच. १९९३ मध्ये एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपियाचा किनाराच गेला. आता बहुतेक आयात-निर्यात जिबुतीच्या बंदरातून होते. हे बदल 'प्रदेश' या शब्दात नीट मावत नाहीत. विकासाबद्दल लिहिताना बहुधा सापेक्ष स्थानच म्हणायचं असतं, तेव्हा तसं स्पष्ट लिहावं.

प्रतिसाद २: याला जोडून 'भूवेष्टित'बद्दल. चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला, हा अर्थ बरोबरच. पण शब्द इतका ठाम वाटतो की लिहिणारे त्यापुढे 'म्हणून गरीब' आपोआप जोडतात. स्वित्झर्लंडही भूवेष्टितच. तिथे बाझेलपासून ऱ्हाइन नदीतून मालवाहू नौका थेट उत्तर समुद्रापर्यंत जातात आणि त्या नदीवरची मुक्त वाहतूक १८६८ च्या मानहाइम कराराने बांधून दिलेली आहे. शेजारी श्रीमंत, गिऱ्हाईक दाराशी.

माल कोणता, यानेही फरक पडतो. बोत्स्वानाचे हिरे विमानाने जातात. झांबियाच्या तांब्याला रेल्वे आणि बंदर लागतं. ऱ्होडेशियातून (आताचा झिंबाब्वे) जाणारी वाट बेभरवशाची झाली, तेव्हा चीनच्या मदतीने १९७० ते १९७५ या काळात टांझानियातल्या दार-एस-सलाम बंदरापर्यंत सुमारे १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग टाकावा लागला. दोन्ही देश भूवेष्टित, पण वेढ्याची किंमत वेगळी.

१९८२ चा समुद्रविषयक कायद्याचा करार अशा देशांना समुद्रापर्यंत ये-जा करण्याचा हक्क देतो. मात्र तपशील मधल्या देशाशी बोलून ठरवायचे, म्हणजे गाडं पुन्हा शेजाऱ्यापाशीच येतं. (बोलिव्हियाचा किनारा एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात चिलीने घेतला, तरी त्याचं नौदल आजही आहे. तितिकाका सरोवरात आणि नद्यांवर!)

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. मग सिंगापूरसारख्या देशाच्या जागेला काय म्हणायचं? 'सामरिक स्थान' वाचलं, पण ते लढाईचं वाटतं.

प्रतिसाद १: वाटणारच, समर म्हणजे युद्ध. जिबुतीत परदेशी लष्करांचे तळ आहेत, तिथे 'सामरिक' शोभेल. सिंगापूर मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे, व्यापाराबद्दल लिहायचं तर 'मोक्याचं ठिकाण' पुरे. 'मोका' अरबीतून आला, तिथे त्याचा मूळ अर्थ जागा; आपल्याकडे तो संधीच्या अर्थाने रुळला. त्यामुळे 'मोक्याचं' म्हणताना जागा आणि वेळ दोन्ही साधतात, ते 'सामरिक'ला जमत नाही.

प्रतिसाद २: 'स्थानमाहात्म्य'ही चालेल, पण जपून. त्याला किंचित टोमण्याचा वास आहे: स्वतःचं कर्तृत्व नाही, जागेमुळे चाललंय. १९६५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर सिंगापूरने बंदर, घरबांधणी आणि शिक्षणावर जे काम केलं ते बघता, तिथे हा शब्द मी तरी वापरणार नाही.