पर्ल मागे का पडली?

प्रश्न:
लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा प्रसिद्ध केली आणि नव्वदच्या दशकात संकेतस्थळांमागचे असंख्य सीजीआय प्रोग्राम (वेब सर्व्हर विनंती आली की चालवतो ते) तिच्यातच लिहिले गेले. आज मात्र नव्या प्रकल्पासाठी तिचे नाव क्वचितच पुढे येते. भाषेतच उणीव होती, की कारण निराळे आहे?

उत्तर १:
ती वाचायला क्लिष्ट म्हणून मागे पडली, हे मला पटत नाही. थोडक्या अक्षरांत पुष्कळ काम करून घेण्याची तिची हीच हातोटी पूर्वी गुण मानली जात होती. खरा फटका वेबवर बसला. सीजीआयमध्ये प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरला नवी प्रोसेस सुरू करावी लागे, तर पीएचपी ही भाषा अपाचे या वेब सर्व्हरच्या आतच चाले आणि एचटीएमएलच्या पानातच चार ओळी लिहिल्या की काम भागे. पर्लला अपाचेच्या आत चालवणाऱ्या मॉड-पर्लने वेगाची अडचण दूर केली होती, परंतु त्यासाठी सर्व्हरच्या मांडणीत हात घालावा लागे आणि स्वस्त होस्टिंगवर ती मुभा सहसा नसे. साहजिकच नवशिके पीएचपीकडे वळले.

उत्तर २:
वरील मुद्दा मान्य आहे, पण पर्ल ६ ला वगळून हा विषय पुरा होत नाही. तिची घोषणा २००० साली झाली आणि पहिली स्थिर आवृत्ती आली ती थेट डिसेंबर २०१५ मध्ये. मधल्या काळात पर्ल ५ वर नेटाने काम चालूच होते, तरीही सहावी आवृत्ती येणार म्हटल्यावर पाचवीत मोठे काम हाती घ्यायला अनेकजण कचरले असावेत. अखेर २०१९ मध्ये तिला राकू हे वेगळे नाव देऊन ही निराळीच भाषा असल्याचे मान्य करण्यात आले. हा निर्णय दहा वर्षे आधी व्हायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. पायथन या भाषेनेही २००८ मध्ये नव्या आवृत्तीत जुन्याशी फारकत घेतली. प्रिंट या आज्ञेला कंस सक्तीचे झाले, ३/२ चे उत्तर १ ऐवजी १.५ येऊ लागले आणि जुने प्रोग्राम अडले. तरीही तिचे निभावले, कारण नवी आवृत्ती प्रत्यक्ष हातात होती, जुनीला २०२० पर्यंत आधार मिळत राहिला आणि नमपाय या गणिती लायब्ररीमुळे शास्त्रीय गणनेचे क्षेत्र पायथनकडे आधीच आले होते.

उत्तर ३:
एक पुस्ती जोडतो. नवे प्रकल्प थांबले तरी जुना कोड नाहीसा होत नाही. प्रोग्राम बांधण्याच्या मेकफाइली तयार करणारे ऑटोमेक आजही पर्लमध्ये आहे, कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधून ईमेलने पॅच (कोडमधले बदल) पाठवणारी आज्ञाही पर्लचीच आहे आणि शेकडो फाइलींतला एखादा शब्द बदलायचा असेल, तर मी अजूनही टर्मिनलवर तिचीच एक ओळ लिहितो.