मदत हवी आहे: ट्रंकेतली घोंगडी आणि इरकली लुगड्याचा पदर कोण खातंय?

नमस्कार मंडळी. आमचं घर खानापूर तालुक्यात, मातीच्या भिंती, वर कौलं. जूनपासून ऊन असं बघितलेलंच नाही. गौरी जवळ आल्या म्हणून परवा आईने पत्र्याची ट्रंक उघडली. वर आजोबांची काळी घोंगडी, तिला बोट जाईल एवढी भोकं. खाली आजीचं इरकली लुगडं. त्याचं अंग अगदी शाबूत आणि तांबड्या पदराची मात्र चाळणी! ट्रंकेच्या तळाला तांबडा रवा सांडल्यासारखं दिसलं, बाबा म्हणाले पत्र्याचा गंज असेल. घोंगडीच्या घडीत पांढरट जाळी. चार डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या की हो, तरी हे असं.

शिवाय माळ्याजवळच्या भिंतीवर मातकट, चपट्या पिशव्या चिकटल्यात, सेंटीमीटरभर लांब. त्यातून डोकं काढून अळी पिशवीसकट सरपटते. आई म्हणते कसर, शेजारच्या काकू म्हणतात वाळवी. नक्की कोण हे? घरात बहिणीचं दोन महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे फवारणी नको.

शहापूरकर: वाळवी नव्हे. आमच्या घरी आजोबांपर्यंत हातमाग होता म्हणून सांगतो. तुमच्या लुगड्याचं अंग सुती असणार आणि पदर रेशमी. सूत सोडून रेशीम आणि लोकर खाल्ली, म्हणजे खाणारा जनावराच्या धाग्यावर जगणारा आहे. चंदेरी, सळसळत पळणारी कसर असती तर तिने खळ घातलेलं सूत आधी धरलं असतं.

निपाणीची मास्तरीण: बरोबर. हा कापडातला पतंग. फिकट सोनेरी, तांदळाच्या दाण्याएवढा. दिव्यावर येत नाही, उलट उजेड पडला की घडीत घुसतो. तो स्वतः काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी. आणि बाबांना सांगा, तो गंज नव्हे, अळीची विष्ठा आहे! जे कापड खाल्लं त्याचाच रंग तिला येतो. घोंगडी झटकून बघा, तिथे काळे दाणे पडतील.

भिंतीवरची पिशवीवाली अळी या पतंगाची लांबची नातेवाईक. ती मुख्यतः कोळ्याची जळमटं, मेलेले किडे, केस यांवर जगते. लोकर मिळाली तर सोडत नाही, पण तुमच्या ट्रंकेतली चोर ती नव्हे. केरसुणीने जळमटं काढा, पिशव्या गोळा करून साबणाच्या पाण्यात टाका. औषधाची गरज नाही.

अथणीकर: कडुलिंबाचा पाला आणि लवंगा घाला, आमच्या आजीचा उपाय.

निपाणीची मास्तरीण: पाला घाला, पण आत बसलेली अळी त्याने मरत नाही. डांबरगोळ्यांचंही तसंच. त्यांची वाफ कोंडून राहिली तरच काम होतं आणि जुन्या ट्रंकेचं झाकण कुठे घट्ट बसतं? त्यातून घरात तान्हं बाळ. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांना या गोळ्यांच्या वाफेने कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. आधी गोळ्या घराबाहेर काढा. त्या ट्रंकेतली बाळाची दुपटी असतील तर धुऊन, वारा देऊनच वापरा.

मारायचं तर थंडीने. कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड बांधून उणे 18 अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरच्या हवेइतकी होऊ दे, नाहीतर कापडाला पाणी सुटतं. ट्रंक रिकामी करून कानाकोपरे, बिजागऱ्या घासून पुसा. अंडी तिथेही असू शकतात. आणि पुन्हा ठेवताना धुतलेलंच ठेवा, घामाचा, तेलाचा डाग अळीला फार आवडतो.

धागाकर्ती: घोंगडी झटकली. काळे दाणे! बाबा गप्प आहेत. लुगडं आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मावलं, पण तो उणे 18 होतो का कुणास ठाऊक. घोंगडी काही मावत नाही. बाजारातल्या आईस्क्रीमवाल्या मामांना विचारलं, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बोलायची सोय नाही. शेवटी म्हणाले, दोन पिशव्या घालून आण आणि गिऱ्हाइकाला सांगू नको.

लुगडंही तिथेच नेते. आता एकच विचारायचं: पदर नवा लावून मिळेल का?

शहापूरकर: जसा होता तसा नाही. इरकलीचा पदर शिवलेला नसतो. मागावरच अंगाच्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, आणि पदराच्या ताण्याचे फास एकमेकांत अडकवून पुढे विणतात. आता नवा पदर शिवूनच लावावा लागेल, जोड दिसणार. मी असतो तर रफूवाल्याकडून मोठी तेवढी भोकं बुजवून घेतली असती आणि बारीक तशीच ठेवली असती. गौरीला नेसवताना तो भाग निऱ्यांच्या मागे जातोय का बघा. रफू मात्र थंडीतून काढल्यावरच, आधी नको.